गोड्या पाण्यावरचं शीड

शीड दुरुस्तीला आलं की मी ते लगेच उलगडत नाही. आधी एक कोपरा हातात घेते आणि शिलाईवरून अंगठ्याचं नख ओढते. दोरा जिवंत असेल तर नखाला खरखर लागते. मेलेला असेल तर टाके भिजल्या शेवयांसारखे तुटून हातात येतात आणि समोरचं गिऱ्हाईक घाबरतं. "पण कापड तर अजून नव्यासारखं आहे!" कापड असतंच नव्यासारखं. उन्हानं आधी दोरा मरतो, कापड त्यानंतर कितीतरी वर्षांनी. इंग्लंडात कसलं आलंय ऊन, असं आपले लोक हसून म्हणतात. पण पाण्यावर ते दोनदा लागतं, एकदा वरून आणि एकदा खालून.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकाच्या संपादकताईंचा हॅरोहून फोन आला, की तुमच्या कामावर लिहा. मी म्हटलं, "अहो, मी नववीतून शाळा सोडलेली बाई. अंकात डॉक्टर लिहितात, बँकवाले लिहितात. माझं कोण वाचणार?" त्या म्हणाल्या, "फोनवर बोलताय तसं लिहा." त्यानंतर आठवडाभर मला झोप नाही. माझा स्वभावच घाबरा. पण घाबरत घाबरत का होईना, काम मी केलेलं आहे, आणि ज्यांच्यामुळे करू शकले त्यांचं ऋण लिहून तरी ठेवावं म्हणून बसले.

इथं होड्या फक्त समुद्रावर असतात असं मलाही वाटायचं. आम्ही राहतो त्या नॉटिंगहॅमपासून समुद्र लांब. पण आजूबाजूला गव्हाच्या शेतांमध्ये, मेंढ्यांच्या कुरणांमध्ये धरणांचे मोठमोठे तलाव आहेत. आमच्या धरणाला सगळे नुसतं 'द वॉटर' म्हणतात. रविवारी तिथं दातांचे डॉक्टर, प्लंबर, शाळामास्तर आपापल्या छोट्या होड्या घेऊन येतात, शीड चढवतात, दिवसभर वाऱ्याशी भांडतात आणि ओले होऊन चहा पितात. त्यांच्या क्लबशेजारी ब्रायनची शेड. गाड्यांचं गॅरेज असतं तसं हे होड्यांचं. इंजिनं दुरुस्त करायची, ट्रेलरची चाकं बदलायची, हिवाळ्यात होड्या झाकून ठेवायच्या. आणि मागच्या अंगाला, जिथं हीटर आहे तिथं, शिडांचं शिवणकाम. तो कोपरा माझा.

माझे यजमान सतीश नर्स. दोन हजारच्या सुमाराला इथल्या हॉस्पिटलांना नर्स हवे होते, तेव्हा ते आले आणि मागोमाग मी. मी एका ड्रायक्लीनरकडे पँटी आखूड करायचे. एक दिवस लाल चेहऱ्याचा, तेलकट हातांचा एक माणूस पांढऱ्या कापडाचं बोचकं घेऊन आला. हाच ब्रायन. त्याचा शिवणारा माणूस काम सोडून गेला होता.

"एय अप, मी डक," म्हणजे इथल्या बोलीत 'काय गं बाई'. "तुझं मशीन हे शिवेल का?"

मी कापड हातात घेतलं. पत्र्यासारखं कडक, कागदासारखं वाजणारं पॉलिस्टर. मी नाकाला लावून पाहिलं. वास काहीच नाही. आबांच्या शिडाला खाऱ्या पाण्याचा, माशाचा आणि विडीचा वास यायचा. मला इंग्रजीत एवढंच जमलं: "माय फादर, बोट." ब्रायननं मान डोलावली. माझी मुलाखत तेवढीच.

आबा म्हणजे माझे वडील. रत्नागिरीकडे खाडीच्या पलीकडे आमचं गाव, आणि अलीकडे बाजार, हायस्कूल, एसटी. मधल्या पाण्यावर आबांची तर, म्हणजे माणसं पार करायची होडी. गावातला जन्माला येणारा, लग्नाला जाणारा, आजारी पडणारा प्रत्येक माणूस आबांच्या होडीतून पार झालेला. आई गेली तेव्हा मी नववीत होते, भाऊ लहान. शाळा सुटली. सकाळी धक्क्यावर भांडी घासताना माझ्याच वर्गातल्या मुली आबांच्या होडीत दप्तरं मांडीवर घेऊन बसलेल्या दिसायच्या. आबा माझ्याकडे बघायचे नाहीत, वल्ह्याकडे बघायचे. पुढं त्यांनीच मला तालुक्याला शिवणक्लासला घातलं. पहिला शर्ट मी त्यांचाच शिवला. आबांचे हात लांब, म्हणून बाही नेहमी दोन बोटं जास्त ठेवायची. ही गोष्ट पुढं लागणार आहे.

धरणाच्या पाण्याशी माझं सुरुवातीला जमलंच नाही. पाणी एवढं मोठं आणि त्याला भरती नाही, ओहोटी नाही. सकाळी जिथं, संध्याकाळीही तिथंच. चिखलाचा वास नाही, खेकडे नाहीत. पहिल्याच नारळीपौर्णिमेला मी पिशवीतून नारळ नेला, हळदकुंकू लावलं आणि कुणी बघत नाहीसं पाहून पाण्यात सोडला. जीव हलका झाला. दुपारी धरणाचा रखवालदार रेस्क्यू बोट घेऊन शेडपाशी आला, हातात नारळ.

"हे तुमच्यापैकी कुणाचं हरवलंय का?"

ब्रायननं माझ्याकडे पाहिलं. मी मशीनकडे. रखवालदार भला माणूस. म्हणाला, "लव्ह, हे पिण्याचं पाणी आहे. अख्खं शहर पितं." मला वाटलं, आता नोकरी गेली, व्हिसा गेला, पोलीस येणार. ब्रायन म्हणाला, "मग शहराचं भलंच होईल." आणि नारळ फोडून तिघांनी खाल्ला. पुढच्या वर्षापासून मी काठावर उभी राहून नारळ नुसता पाण्याला टेकवायची आणि परत पिशवीत टाकायची. तसंही त्या पाण्यात सोडलेलं कुठं जात नाही. वारा ते परत काठाला आणतो.

आता थोडं धंद्याचं. शीड म्हणजे सपाट चादर, असं लोकांना वाटतं. सपाट शीड वारा धरत नाही, नुसतं फडफडतं. त्याला पोट लागतं. म्हणून कापडाच्या लांब पट्ट्या घेतात, कडांना किंचित गोलाई देऊन कापतात आणि जोडतात, म्हणजे मधे फुगीर जागा तयार होते. ब्रायन मला हे तासभर कागदावर काढून समजावत होता. मी म्हटलं, "ब्रायन, दिस इज ब्लाऊज. टक्स घालतो आम्ही." तो इतका हसला की त्यानं खडूनं भिंतीवर लिहून ठेवलं: शीड चादर नाही, ब्लाऊज आहे. ते अजून आहे. नवे सभासद वाचून गोंधळतात.

दुसरी गोष्ट, सरळ टीप घालायची नाही. सरळ टिपेची भोकं एका रेषेत येतात आणि तिथंच कापड फाटतं, पोस्टाच्या तिकिटासारखं. नागमोडी टीप घालायची. आणि जिथं मशीन पोचत नाही, त्या जाड कोपऱ्यांवर हातशिलाई. त्यासाठी तळहाताला चामड्याचा पट्टा घालतात, अंगठ्याच्या मुळाशी लोखंडी चकती. सुई बोटानं नाही, तळहातानं रेटायची. दोऱ्याला मेण. हे मात्र मला कुणी शिकवावं लागलं नाही. आबा पावसाळ्यात पडवीत बसून हेच करायचे.

आमचं सगळ्यात नेमाचं गिऱ्हाईक म्हणजे प्रणव. पुण्याचा सॉफ्टवेअरवाला, वर्क व्हिसावर आलेला, हौसेनं जुनी होडी घेतलेली. दर रविवारी उलटायचा. सोमवारी माझ्या दारात.

"ताई, परत फाटलं."

"या वेळी काय केलंस?"

"काही नाही हो, वारा अचानक दुसरीकडून आला."

"वारा कायम दुसरीकडूनच येतो, प्रणव."

"ताई, तुम्ही एकदा चला ना माझ्यासोबत होडीत."

"मला पोहता येतं म्हणून मी काय बुडायला येऊ?"

मी इथं कुणाच्याच होडीत बसले नाही, इतकी वर्षं. ब्रायननंही विचारून पाहिलं. मी काही ना काही कारण सांगायची. खरं कारण एवढंच, की होडीत बसलं आणि सुकाणूवर वळून पाहिलं, तर तिथं आबांच्या जागी दुसरंच कुणी बसलेलं दिसणार.

दुसरं गिऱ्हाईक आयुष्यभर लक्षात राहिलं ते मार्गरेटबाई. नवरा वारलेला, त्याची होडी आता त्या नातवाला देणार होत्या. शिडावर नवऱ्यानं स्वतः केलेली एक दुरुस्ती होती, हिरव्या दोऱ्यानं, वाकडीतिकडी. कुठल्याही शिवणारीच्या हाताला असले टाके बघून उसवायची सुरसुरी येते. बाई म्हणाल्या, "बाकी सगळं नीट कर. पण हॅरोल्डचे टाके राहू देत." मी नख ओढलं. हॅरोल्डचे टाके मेलेले. पहिल्याच वाऱ्याला गेले असते. मी घाबरून ब्रायनकडे गेले. त्यानं हिरव्या दोऱ्याचं रीळ शोधलं आणि दाखवलं: जुना दोरा एकेक टाका काढत जायचा, आणि नवा त्याच भोकांतून घालायचा. सुई नवं भोक पाडता कामा नये. वाकडं तर वाकडं, लांब तर लांब. मला दोन दिवस लागले. परक्या माणसाच्या हाताची चाल आपल्या हातानं चालणं फार अवघड असतं. बाईंनी बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाल्या, "गुड ओल्ड हॅरोल्ड. कसा टिकलाय बघ." ब्रायननं हिरवं रीळ हळूच खिशात टाकलं.

त्याच हिवाळ्याच्या तोंडाला आबांशी फोन झाला. तेव्हा फोनकार्ड खरवडून नंबर लावायचा, आणि मधेच बाई इंग्रजीत सांगायची की मिनिटं संपत आली.

"पूल झाला गो बाय," आबा म्हणाले. "संक्रांतीच्या मागनं सुरू करणार. मग तर बंद."

आबांच्या होडीला तोवर डिझेल इंजिन लागून बरीच वर्षं झाली होती. शीड माळ्यावर कुजत पडलेलं.

"शेवटची खेप मला डिझेलवर नाय मारायची. शिडानं मारायची. माझ्या बापानं मारली तशी." मग म्हणाले, "तू तिकडं शिडं शिवतेस नाय गो? मग मला एक शिव."

मला खरं तर जायचं होतं. शेवटच्या खेपेला होडीत बसायचं होतं. पण कायमचं राहण्यासाठी आमचे कागद गेलेले, पासपोर्ट त्याच्यासोबत. उत्तर येईपर्यंत देश सोडता येत नव्हता. सतीश म्हणाले, "रंजना, विचारून बघू." विचारलं. थांबा, एवढंच उत्तर. म्हणजे मी पोचणार नव्हते. शीडच पोचलं तर पोचणार होतं.

ब्रायनला सांगितलं तर तो आत गेला आणि जुन्या शिडांचा गठ्ठा आणून माझ्यासमोर टाकला. "यातलं हवं ते काप. मशीनही वापर. आणि पैशाचं बोललीस तर मी तुला तलावात टाकीन. पिण्याचं पाणी असलं तरी." तो गठ्ठा बघून मी रडले, आणि तो इंजिन बघायला निघून गेला, कारण इंग्रज माणसाला बाईचं रडणं झेपत नाही.

मापं आबांनी फोनवर दिली, हातांत. उभं इतके हात, तिरप्या काठीला इतके हात, खालून इतके. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. मी पाठकोऱ्या बिलावर लिहून घेतलं आणि शिवणक्लासात बाईंनी पाठ करून घेतलेला हिशोब लावला: दोन हात म्हणजे एक वार. वाराचे इंच केले. क्लबचा हॉल रिकामा होता, टेबलं सरकवून जमिनीवर खडूनं शीड आखलं. ब्रायन टेप धरायला आला. कोपऱ्यांना चामडं लावलं, सगळी हातशिलाई पट्टा चढवून केली. पोट जरा जास्त दिलं, कारण सकाळी खाडीवर वारा मंद असतो. एवढं सगळं आठवलं मला. खाडीचा वारा आठवला.

प्रणव डिसेंबरात घरी निघालेला. घरचे कोकणात फिरायला जाणारच होते. त्यानं स्वतःचे कपडे काढून बॅगेत शीड भरलं. "ताई, कस्टमवाल्यांनी विचारलं तर काय सांगू?"

"सांग, ब्लाऊज आहे."

संक्रांतीनंतर फोन केला. "आबा, शीड कसं झालं?"

"वारा धरतंय गो. तुझ्या आयेसारखं. एकदा धरलं की सोडत नाय." आणि हसले. "सगळा गाव धक्क्यावर आलेला. बाया रडत हुत्या. मेल्यांना आता पुलावरनं फुकट जायाचंय, तरी रडतायत."

मी पण रडले, आनंदानं. ब्रायनला सांगितलं, त्यानं केक आणला.

मग प्रणव परत आला, फोटो घेऊन. शेवटच्या खेपेसाठी तो मुद्दाम थांबला होता. फोटोत मागे पूल, नवा, पांढरा, त्याच्या अलीकडे आबांची होडी आणि वर माझं शीड, भरलेलं, पोट फुगवून. मी बघतच राहिले. मग खाली बघितलं. शिडाच्या तळाला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक तपकिरी पट्टा. जुन्या शिडाचं मांजरपाट.

"प्रणव, हे काय आहे?"

तो म्हणाला, "काकांनी सांगितलं होतं, तिला बोलू नका. तिकडं एकटी हाय, रडत बसंल."

शीड आखूड झालं होतं. आबांचा हात क्लासातल्या बाईंच्या हातापेक्षा मोठा. मी, जिनं त्यांच्या शर्टाची बाही आयुष्यभर दोन बोटं जास्त ठेवली, तिनं शीड शिवताना पुस्तकातला हात धरला. प्रत्येक हातामागे दोन बोटं, आणि सगळी मिळून एक पट्टा कमी पडला. आबांनी माळ्यावरचं कुजकं शीड खाली काढलं, त्यातली जरा धड जागा कापली आणि पडवीत बसून जोडली. प्रणव म्हणाला, "ताई, त्यांना दिसत नव्हतं नीट. सुईत दोरा मी ओवून देत होतो."

कागद पुढच्या वर्षी आले. मे महिन्यात मी एकटीच गेले. एसटी खाडीपाशी आली आणि मी उठले.

"ओ ताई, पलीकडं जायचंय ना? बसा की, पूल झालाय," कंडक्टर म्हणाला.

"नाय, मला हितंच उतरायचंय."

आबा जुन्या धक्क्यावर उभे होते. सोबत होडी, शीड चढवून तयार. मी बसले. पुलावरून गाड्या भुर्र जात होत्या आणि आम्ही दोघंच खालून. मधोमध आल्यावर त्यांनी सुकाणू बगलेत धरलं आणि आपला हात माझ्या हाताशेजारी ठेवला, कोपराला कोपर लावून. त्यांची बोटं माझ्या बोटांच्या पुढं गेली.

"शर्टाला तर बरोबर ठेवायचीस गो. मग शिडाला कशी विसरलीस?"

"क्लासात तसंच शिकवलं होतं, आबा."

"क्लासातल्या बाई वल्हं मारत नव्हत्या. त्यांचा हात कशाला लांब हुईल?"

ओहोटी लागली होती. चिखलाचा वास येत होता. मी पट्ट्यावरून बोट फिरवलं. टाके लांब लांब, म्हाताऱ्या डोळ्यांचे. मी म्हटलं, "आबा, उसवून नवीन लावून देते." ते म्हणाले, "राहू दे. वारा धरतंय ना?"

आबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी तेव्हाही पोचले नाही; तेव्हा कागद होते, पण विमानानं पोचायला एक रात्र पुरली नाही. होडी भावानं विकली. शीड मात्र विकू नको म्हटलं. प्रणवच्या आईवडिलांनी ते मागच्या खेपेला इकडे आणलं. वास घेतला. खारा, विडीचा नाही राहिला, पण खारा आहे.

माझे टाके अजून धड आहेत, पॉलिस्टरचा दोरा आहे तो. पट्ट्यावरून नख ओढलं. आबांचे मेले आहेत, सगळे.

ब्रायन आता सत्तरीच्या पुढचा. शेड विकणार, विकणार म्हणतो आणि विकत नाही. म्हणतो, जुनी लाकडी होडी आहे आपल्याकडे, शीड नीट झालं की त्यावर चढवू, तू बस, मी सुकाणू धरतो. मी या वेळी कारण सांगितलं नाही. दोऱ्याला मेण लावलंय, तळहाताला पट्टा चढवलाय. एक जुना टाका काढते, त्याच भोकांतून नवा घालते. लांब, म्हाताऱ्या डोळ्यांचा. दिवसाला एखादा, फार तर दोन.

"रँज," परवा ब्रायन म्हणाला, "ते काम उन्हाळ्याच्या आधीपासून टेबलावर पडलंय."

मी म्हटलं, गिऱ्हाइकाला घाई नाही.